नाव कुणासाठी कोरायचं?



आजचं वाचन गीतेच्या सतराव्या अध्यायातलं, दानाच्या तीन प्रकारांचं. आपल्यापैकी बहुतेकांना ते माहीत आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी मिळावं म्हणून, किंवा मनात कुरकुर करत दिलेलं ते राजस. आणि समोरच्याचा अपमान करून, तुच्छतेने दिलेलं ते तामस. वाचायला किती सोपं आहे ना! मलाही सोपंच वाटायचं. गेल्या महिन्यात एका इंग्रजी गावातल्या जुन्या चर्चच्या भिंतीने माझा हा समज मोडला. ते सगळं आज सांगतो, कारण त्यात माझी एक चूकही आहे.

आधी चूक सांगतो. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धार चाललाय. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आईचा फोन आला. म्हणाली, "एका पायरीचा खर्च आपण देऊ, आणि त्यावर ह्यांचं नाव घालू." मी तेव्हा लॅपटॉपसमोर होतो. लगेच उत्तर दिलं, तेही जरा शहाणपणाने: "आई, नाव घातलं की ते दान कसलं? ती जाहिरात झाली. पैसे पाठवतो, पण नाव नको. बाबांनाही आवडलं नसतं." वर सतराव्या अध्यायाचा दाखलाही दिला. आई गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, तू म्हणशील तसं," आणि जेवलास का विचारून फोन ठेवला. मला वाटलं, पटलं तिला.

त्यानंतरच्या शनिवारी मी लाँग मेलफर्डला गेलो. मी केंब्रिजला नोकरी करतो. तिथून गाडीने तासाभरावर, सफोक परगण्यात हे गाव आहे. एक लांबलचक रस्ता, शेवटी मोठं हिरवं मैदान, आणि मैदानाच्या वरच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च. इंग्लंडमध्ये पॅरिश चर्च म्हणजे गावाचं चर्च. बारसं, लग्न, अंत्यविधी, सगळं तिथेच. पण हे पाहिल्यावर गावचं चर्च म्हणवत नाही, एवढं ते मोठं आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जवळजवळ पूर्ण नव्याने बांधलं गेलं. पैसा आला लोकरीच्या कापडातून. त्या काळी ह्या भागात विणकाम आणि कापडाचा व्यापार जोरात होता, आणि व्यापाऱ्यांनी कमावलेलं धन चर्चच्या भिंतींत ओतलं. अशा चर्चना तिकडे ‘वूल चर्च’ म्हणजे लोकरीची चर्च असंच म्हणतात.

ह्या शैलीला ‘पर्पेंडिक्युलर’ म्हणतात. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर गंमत अशी की भिंतीचं काम शक्य तितकं खांबांवर टाकून मधली जागा काचेला दिलेली असते. खिडक्यांच्या दोन रांगा, एक खाली, एक वर. उभ्या रेषाच रेषा. आत शिरलं की छप्पर दूर जातं आणि उजेड जवळ येतो. बाहेरून भिंती चकमकीच्या दगडाच्या आहेत. ह्या भागात बांधकामाला चांगला दगड नाही. शेतात मिळते ती चकमक, म्हणजे फ्लिंट. ती फोडली की आतून काळसर, काचेसारखी चकचकीत निघते. मग बाहेरून आणलेला फिकट चुनखडीचा दगड कापून त्याचे आकार करायचे, आणि मधल्या जागा फोडलेल्या चकमकीने भरायच्या, सगळं एका पातळीत. काळ्यावर पांढरी नक्षी उमटते. ह्या कामाला ‘फ्लशवर्क’ म्हणतात.

लाँग मेलफर्डला ह्याच पद्धतीने अक्षरं काढलेली आहेत. भिंतीच्या माथ्याजवळ, आपल्या किल्ल्यांच्या तटाला असतात तशा चर्यांच्या खाली, चर्चच्या लांबीभर ओळी धावतात. जुनी गॉथिक अक्षरं, जुनी इंग्रजी, स्पेलिंग मन मानेल तसं. मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून एक एक शब्द लावत गेलो.

आणि काय निघालं? देणगीदारांची यादी! अमक्याच्या पैशातून ह्या कमानी नव्याने उभ्या केल्या, तमक्याने अमुक कमान दुरुस्त केली. रॉजर मोरिएल आणि त्याच्या बायका. लॉरेन्स मार्टिन आणि त्याची बायको मॅरियन. थॉमस कूपर. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘गिट’चा इतिहासच: कोणी, कुठे, काय बदल केला. मला हसू आलं. म्हटलं, घ्या! माणूस इथून तिथून सारखाच. आपल्याकडे पंख्याच्या पात्यांवर नावं असतात, इथे चर्चच्या कपाळावर आहेत. आईला फोटो पाठवायचाही विचार आला, ‘बघ, मी म्हणत होतो ना’ म्हणून.

पण प्रत्येक ओळीची सुरुवात मी नीट वाचलीच नव्हती. परत पाहिलं. प्रत्येक ओळ एकाच विनवणीने सुरू होते: ह्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. नाव त्यानंतर येतं.

इथे तेव्हाची श्रद्धा समजून घ्यायला हवी. मध्ययुगीन ख्रिस्ती माणूस मानायचा की मेल्यावर बहुतेक आत्मे थेट स्वर्गात जात नाहीत. मधे ‘पर्गेटरी’ नावाची शुद्धीची अवस्था असते, तिथे पापाचं उरलंसुरलं ऋण जळून जातं. आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने तो काळ कमी होतो. म्हणून श्रीमंत लोक स्वतंत्र पुजारी नेमून आपल्या नावाने रोज मिस्सा म्हणवून घेत. गावच्या चर्चमध्ये मृतांच्या नावांची यादी असे, ती मोठ्याने वाचली जाई. नाव उच्चारलं जाणं ही त्या आत्म्याला मिळणारी खरीखुरी मदत होती. मग भिंतीवरची ती ओळ मला वेगळी दिसायला लागली. वर कोरलेला कापड व्यापारी ‘मी काय दिलं ते बघा’ असं म्हणत नव्हता. तो खाली उभ्या असलेल्या कुणाकडेही, माझ्याकडेसुद्धा, हात पसरून मागत होता.

ह्या सगळ्यात मोठा देणगीदार जॉन क्लॉप्टन. जवळच्याच केंटवेलचा जमीनदार. त्याची गोष्ट ऐका. १४६२ साली, इंग्लंडमधल्या राजगादीच्या यादवीत, अर्ल ऑफ ऑक्सफर्डबरोबर त्यालाही राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. अर्ल, त्याचा मुलगा आणि इतरांचा शिरच्छेद झाला. क्लॉप्टन वाचला. पुढे कित्येक वर्षं जगला आणि ह्या चर्चवर पैसा खर्च करत राहिला. चर्चच्या पूर्व टोकाला १४९६ ची ‘लेडी चॅपल’ आहे, म्हणजे मेरीमातेचं छोटं देऊळ म्हणा. तिच्यावरच्या लेखात क्लॉप्टन घराण्यातली नावं येतात: वडील, त्यांच्या बायका, मुलंबाळं, जॉन स्वतः. आणि शेवटी, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला हा जॉन बांधील आहे त्या सगळ्या आत्म्यांसाठीही, असं येतं. नावं नाहीत. फक्त ‘बांधील आहे ते सगळे’. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते शिरच्छेद झालेले सोबती आले. त्याच्या मनात तेच होते की नाही, ते मी ठरवणारा कोण? पण जो वाचला त्याच्या डोक्यावर न वाचलेल्यांचं ओझं असतं, हे कळायला इतिहासाचा अभ्यास लागत नाही.

त्याच चॅपलवर अजून एक नाव आहे: रिचर्ड लव्हडे. हा क्लॉप्टनचा बटलर, म्हणजे घरची कोठी सांभाळणारा नोकर. चॅपलच्या माथ्यावरच्या चर्या ह्याच्या पैशातून झाल्या. मालकाच्या नावाजवळ नोकराचं नाव, तेवढ्याच आकाराच्या दगडी अक्षरांत, तीच विनवणी पुढे लावून. मला ते फार आवडलं. हेही सांगायला हवं की मी वाचलेल्या ओळींत चकमक फोडणाऱ्या, दगड चढवणाऱ्या गवंड्यांपैकी कुणाचं नाव सापडलं नाही. ज्याच्याकडे द्यायला पैसा होता त्याचं नाव राहिलं. ज्याने हात दिले त्याचं काम राहिलं.

आता मुख्य ओळ. ह्या लेखांमध्ये एक लॅटिन वाक्य आहे. अर्थ मी घरी येऊन शोधला, आणि वाचून खुर्चीत ताठ बसलो. ख्रिस्ताला साक्षी ठेवून देणारा म्हणतो की हे सगळं मी लोकांनी माझी स्तुती करावी म्हणून मांडलेलं नाही, आत्म्याचं स्मरण राहावं म्हणून मांडलंय.

म्हणजे जो प्रश्न मी आईला ठणकावून विचारला, तो त्यांनी पाचशे वर्षांपूर्वी स्वतःलाच विचारला होता. नाव घातलं तर हे दान राहील की जाहिरात होईल? त्यांनाही टोचणी होती. आणि त्यांचं उत्तर ‘नाव नको’ असं नव्हतं. त्यांनी नाव घातलं, आणि ते कशासाठी घातलंय हे देवाला साक्षी ठेवून सांगितलं.

तुम्ही म्हणाल, प्रार्थना मागणं हीसुद्धा परतफेडच झाली ना? इकडून कमान, तिकडून प्रार्थना. मग हे राजस दानच. मीही हाच हिशोब मांडला होता. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्य आहे. ही माणसं संत नव्हती. आतल्या काचांमध्ये श्रीमंत घराण्यांतल्या स्त्रीपुरुषांची चित्रं आहेत, उंची कपड्यांत, कुळाच्या चिन्हांसकट. देणं आणि मिरवणं एकाच भिंतीत मिसळलेलं आहे. आपल्या मनात असतं तसंच.

पण पुढे काय झालं ते पाहा. १५४७ साली, सहाव्या एडवर्डच्या राज्यात, कायदा झाला आणि मृतांसाठी मिस्सा म्हणणारी ती सगळी देणगीची व्यवस्थाच सरकारने बरखास्त केली. १५५२ च्या नव्या प्रार्थनापुस्तकातून मृतांसाठीची प्रार्थना गेली. मधली मेरी राणीची पाचेक वर्षं सोडली, तर जुनी पद्धत ह्या गावच्या चर्चमध्ये परत आली नाही. पर्गेटरी ही कल्पनाच खोटी ठरवली गेली. पुढच्या शतकात, १६४३-४४ मध्ये, विल्यम डाऊझिंग नावाचा माणूस सरकारी हुकूम घेऊन सफोकभर हिंडला, मूर्ती फोडल्या, आणि प्रार्थना मागणारे पितळी लेख थडग्यांवरून उपटायला लावले. लाँग मेलफर्डच्या भिंतीवरची दगडी विनवणी मात्र आजही वर आहे.

विचार करा, क्लॉप्टनने, मोरिएलने, लव्हडेने ज्या फळासाठी दिलं ते फळ दोन पिढ्यांच्या आत कायद्याने काढून घेतलं गेलं. उरलं काय? चर्च. गाव तिथे जमतच राहिलं. सतराव्या शतकात लेडी चॅपलमध्ये मुलांची शाळा भरायला लागली आणि १८८० पर्यंत चालली. आजही तिथल्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता आहे! मेरीमातेसाठी बांधलेल्या चॅपलमध्ये शेतकऱ्यांची पोरं दोनशे वर्षं पाढे म्हणत होती, डोक्यावर लव्हडेच्या चर्या. त्याने हे स्वप्नातही पाहिलं नसेल. जुना मनोरा १७१० च्या सुमाराला वीज पडून गेला, मग विटांचा बांधला, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विटांभोवती आजचा दगडी मनोरा उभा केला. प्रत्येक वेळी नवे देणारे. फळाची अपेक्षा सोडणं आपल्याला जमत नाही, पण कधी कधी काळच ती आपल्या हातातून सोडवून घेतो, आणि तरी दिलेली वस्तू उभी राहते. दान शुद्ध आहे की नाही हे देण्याच्या क्षणी ठरतं असं मी मानत होतो. इथे मला दिसलं की दानाचं शुद्ध होणं पाचशे वर्षंही चालू शकतं.

अजून एक माणूस सांगतो. रॉजर मार्टिन, त्याच मार्टिन घराण्यातला. त्याने लहानपणी जुनं चर्च पाहिलं होतं आणि म्हातारपणी, सगळं बदलून गेल्यावर, ते कसं होतं हे आठवून लिहून ठेवलं. कुठे कुठली मूर्ती होती, सणाला मिरवणूक कशी निघायची, सगळं. आपल्या घराण्याच्या वेदीमागचं कोरीव काम त्याने घरी जपलं होतं. ते जीर्ण झालंय, माझे वारस कधीतरी ते दुरुस्त करून परत बसवतील अशी आशा आहे, असं तो लिहितो. मुलांवर विश्वास टाकून माणूस इतकंच करू शकतो.

‘माझे वारस’ ह्या शब्दापाशी मी अडकलो. वारस तर मी पण आहे. आणि माझ्या आईने मागितलं काय होतं? पायरी.

आता माझी कबुली. ज्या आठवड्यात मी आईला निष्काम दानावर प्रवचन दिलं, त्याच आठवड्यात ऑफिसात एका डिझाइन डॉक्युमेंटवर माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर आलं म्हणून मला दोन रात्री नीट झोप नव्हती. काम मी केलं होतं, पहिलं नाव दुसऱ्याचं. शेवटी मी मेल लिहून क्रम बदलून घेतला. स्वतःच्या नावासाठी मेल, आणि गेलेल्या बाबांच्या नावासाठी गीता! मग सतराव्या अध्यायातला तिसरा प्रकार पुन्हा वाचला. अपमान करून, तुच्छतेने दिलेलं. आईला मी त्या दिवशी पैसे आणि उपदेश असं दोन्ही दिलं होतं. ते कुठल्या प्रकारात बसतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि ‘स्मरणार्थ’ हा शब्द बघा. आपल्या पायऱ्यांवर, बाकांवर, पाणपोईवर शेकडो वेळा वाचलेला. स्मरणासाठी. त्या लॅटिन ओळीत जे मागितलंय तेच आपण एका शब्दात मागतो. शब्दात खोट नव्हती. माझी नजर घाईची होती.

रविवारी आईला फोन केला. म्हटलं, "पायरीचं बघ, नाव घालूया." ती जरा थांबली. मग म्हणाली, "अरे, मी पायरीच का म्हटलं ठाऊक आहे का? भिंतीवर मोठ्ठा संगमरवर लावायचाही पर्याय होता. पण ह्यांना वारी जमली नाही शेवटची काही वर्षं. निदान नावाला तरी लोकांचे पाय लागतील." पंढरपूरच्या नामदेव पायरीची गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल. भक्तांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी देवाच्या दाराशी पायरीची जागा मागितली. ती आईला सांगावी लागली नाही. तिला ती माहीत होती, आणि मला ‘जाहिरात’ दिसली होती.

मी विचारलं, "त्या दिवशी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू वाचतोस ना एवढं. म्हटलं असेल बाबा तसं."

ह्या वाक्याने मला जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही.

मजकूर ट्रस्टने पाठवला. पहिल्या ओळीत बाबांचं नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’. दुसऱ्या ओळीत रक्कम. तिसऱ्या ओळीत माझं नाव, आणि त्यापुढे ‘केंब्रिज, इंग्लंड’. पहिली ओळ ठेवली, खालच्या दोन काढायला सांगितल्या. काढताना हात जरा अडखळला, हेही खरं सांगतो. म्हणजे प्रश्न बाबांच्या नावाचा नव्हताच, तिसऱ्या ओळीचा होता.

लाँग मेलफर्डहून निघताना मी लेडी चॅपलच्या बाहेर परत थांबलो होतो. रिचर्ड लव्हडेचं नाव मोठ्याने वाचलं. त्याच्या धर्माची प्रार्थना मला येत नाही, आणि त्याचा पर्गेटरीवरचा विश्वास माझा नाही. पण त्याने मागितलं होतं, आणि त्या क्षणी तिथे मीच होतो. हात जोडले आणि मनात विठ्ठलाला म्हटलं, ह्याचंही बघ. कुठे पोचलं असेल ते पांडुरंगाला ठाऊक.

आजचा छोटा अभ्यास: देवळात, रुग्णालयात, बसस्टॉपवर जिथे ‘स्मरणार्थ’ लिहिलेलं दिसेल, तिथे क्षणभर थांबा आणि ते नाव वाचा. देणाऱ्याचा हेतू तपासू नका. त्याने जे मागितलंय ते एकदा देऊन टाका. आणि आपण काही देतो तेव्हा आपली ‘तिसरी ओळ’ कुठली असते, तेवढं आपापल्या मनाशी शोधा.

राम कृष्ण हरी.